परमुलखातले पहिले बिऱ्हाड

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हिंदुस्थानातले विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी इंग्लंड-अमेरिकेची वाट धरू लागले. त्यांच्या चरित्रांत पदव्या, पदके आणि परतल्यानंतरची कामगिरी ठळकपणे येते. बोटीतून उतरल्यावरचे पहिले काही आठवडे कसे गेले, हा भाग मात्र बहुधा दोन-चार ओळींत उरकला जातो. वास्तविक पुढचे बरेचसे त्या आठवड्यांवर अवलंबून असे. उतरायचे कुठे, खायचे काय, थंडीत अंगावर काय घालायचे आणि घरून पैसे येईपर्यंत भागवायचे कसे, या प्रश्नांची उत्तरे ज्याला लवकर सापडली त्याचा अभ्यास मार्गी लागला. ज्याला ती सापडली नाहीत तो आजारी पडला, कर्जात बुडाला किंवा मनाने खचला. ही उत्तरे देणे हे आपले काम आहे असे त्या काळच्या विद्यापीठांना वाटत नसे. ती मिळत एखाद्या घरातून, एखाद्या ओळखीच्या पत्रातून, कधी निव्वळ नशिबाने.

अगदी सुरुवातीला गेलेल्यांना हा त्रास तुलनेने कमी झाला, कारण त्यांना कोणीतरी हाताला धरून नेले होते. मुंबईच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्यातले जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण १८३८ मध्ये जहाजबांधणीचे नवे तंत्र शिकण्यासाठी इंग्लंडला गेले आणि चॅटमच्या सरकारी गोदीत राहिले. त्यांचा पारशी पोशाख पाहायला रस्त्यात लोक गोळा होत. १८४१ मध्ये त्यांनी आपल्या मुक्कामाची रोजनिशी छापून प्रसिद्ध केली. पुढे १८४५ मध्ये द्वारकानाथ टागोरांबरोबर कलकत्ता मेडिकल कॉलेजचे चार विद्यार्थी लंडनला गेले, तेव्हा त्यांचे शिक्षक डॉ. गुडिव्ह सोबत होते.

एकट्याने जाणारा विद्यार्थी दिसू लागला तो नंतर. त्याला दोन गोष्टी कारण झाल्या. १८५५ पासून सनदी नोकरीची परीक्षा स्पर्धेने होऊ लागली, पण ती केवळ लंडनमध्ये. हिंदुस्थानातही ती घेतली जाऊ लागली ती १९२२ पासून. म्हणजे जवळजवळ सदुसष्ट वर्षे या नोकरीची इच्छा धरणाऱ्या प्रत्येक हिंदी तरुणाला आधी समुद्र ओलांडावा लागला. १८६९ च्या परीक्षेत सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त आणि बिहारीलाल गुप्त यांच्याबरोबर श्रीपाद बाबाजी ठाकूर हे मराठी नाव होते. त्याच वर्षी सुएझचा कालवा खुला झाला. आफ्रिकेला वळसा घालून जाण्याचे दिवस सरले आणि मुंबईहून निघालेला माणूस साधारण तीन आठवड्यांत इंग्लंडच्या किनाऱ्याला लागू लागला. बॅरिस्टरी, वैद्यक आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी याच वाटेने गेले.

निघण्यापूर्वीचा पहिला अडसर घरातच असे. समुद्रगमनाने जात जाते ही समजूत पक्की होती. परतलेल्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे, नाहीतर पंगतीला मुकावे लागे. या धाकाचा परिणाम विलायतेतल्या पहिल्या दिवसांवरही होई. तिथे काय खाल्ले, कोणाच्या हातचे खाल्ले, याचा हिशेब एक दिवस गावात द्यायचा आहे हे विद्यार्थी विसरू शकत नसे. मोहनदास गांधींना त्यांच्या मोढ वाणी जातीने निघण्यापूर्वीच मुंबईत बहिष्कृत केले. १८९१ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले तेव्हा थोरल्या भावाने त्यांना आधी नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडवले आणि मग राजकोटला जातभोजन घातले.

या सगळ्या इतिहासात मराठी वाचकाला सर्वांत जवळचे नाव आनंदीबाई जोशी यांचे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूरच्या कॉलेजात इंग्रजीतून भाषण करून त्यांनी आपण अमेरिकेला का जात आहोत हे जाहीरपणे सांगितले. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून १८८३ ला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. नवरा बरोबर नव्हता. सोबतीला मिशनरी स्त्रिया होत्या, पण त्यांच्याशी धर्मावरून मन जुळणे कठीण होते.

न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्यांना घ्यायला न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस थिओडिशिया कार्पेंटर आल्या होत्या. या दोघींची ओळख कशी झाली हे नीट लक्षात घेण्याजोगे आहे. गोपाळराव जोशींनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. ते मिशनच्या मासिकात छापले गेले. दाताच्या डॉक्टरकडे बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या हाती तो अंक पडला आणि त्यांनी आनंदीबाईंना पत्र धाडले. पुढे दोघींचा पत्रव्यवहार इतका वाढला की आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. त्यामुळे बोटीतून उतरल्यावर त्या कुठल्या खानावळीत किंवा मिशनच्या वसतिगृहात गेल्या नाहीत. मावशीच्या घरी गेल्या. कॉलेज ऑक्टोबरात सुरू व्हायचे होते, मधला सगळा उन्हाळा रोझेलला गेला. परमुलखात स्थिरावायला इतका अवधी आणि इतके मायेचे घर त्या काळच्या फार थोड्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला आले.

फिलाडेल्फियाला गेल्यावर चित्र पालटले. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन रेचेल बॉडली यांनी आनंदीबाईंना आपुलकीने वागवले, कॉलेजने शिष्यवृत्ती दिली. पण राहण्याच्या खोलीतली शेगडी नीट पेटत नसे. पेटवली की खोलीभर धूर, विझवली की हाडे गोठवणारी थंडी. अभ्यास, शाकाहारी स्वयंपाक आणि या शेगडीशी झगडा हे तिन्ही एकटीने करायचे. नेसण्याचाही प्रश्न होता. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. त्या थंडीत ते सोसवेना आणि तिथल्या लोकांच्या नजरेलाही ते चमत्कारिक दिसे. आनंदीबाईंनी पाश्चात्य झगा घातला नाही. साडी गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली आणि पाय झाकले. तोडगा साधा होता, पण त्याबद्दलही गोपाळरावांशी पत्रांतून बोलणे झाले. हजारो मैलांवरून येणारे नवऱ्याचे प्रत्येक पत्र प्रेमाचे असेच असे नाही. संशयाचे आणि टोचून बोलणारेही असे. पत्राला उत्तर जाऊन परत यायला दोन-तीन महिने लागत. या काळात एखादा गैरसमज मनात घेऊन रोज वर्गात बसायचे, हा त्रास आज फोनवर घरच्यांशी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला कल्पनेनेच समजून घ्यावा लागेल. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. फिलाडेल्फियातल्या थंडीने, धुराने आणि अपुऱ्या आहाराने त्यांची प्रकृती पोखरली असे त्यांच्या चरित्राचा कोणताही वाचक म्हणेल, आणि ते म्हणणे रास्तच वाटते.

आनंदीबाई निघाल्या त्याच एप्रिल महिन्यात पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या. त्या उतरल्या वाँटेज येथील सेंट मेरीच्या मठात. निवारा होता, जेवण होते, शिकवणाऱ्या सिस्टर होत्या. तरी तिथेही प्रश्न सुटले नाहीत, त्यांचे रूप बदलले. रमाबाई शाकाहारी होत्या आणि अंडे घातलेले पुडिंगही खात नसत. सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यानंतरही हा नियम सोडला नाही. सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जातीचा उरलेला अभिमान दिसे, तर रमाबाईंच्या दृष्टीने तो त्यांच्या स्वातंत्र्याचा भाग होता. आश्रय देणारा माणूस ताटातल्या पदार्थावरही हक्क सांगू पाहतो तेव्हा काय करायचे, हा पेच त्यांच्या पत्रांत पुन्हा पुन्हा दिसतो. रमाबाईंबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्या वर्षी तिथेच आपले जीवन संपवले. परक्या देशातल्या पहिल्या महिन्यांचा इतिहास लिहिताना हे नाव गाळून चालणार नाही.

गांधींचे पहिले दिवस बाहेरून पाहता बरे म्हणावे असे होते, पण त्यांनी ते ज्या बारकाईने लिहून ठेवले तशी नोंद दुसऱ्या कोणाची नाही. ४ सप्टेंबर १८८८ ला ते मुंबईहून 'क्लाइड' बोटीने निघाले. उतरताना शोभेल म्हणून राखून ठेवलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट त्यांनी चढवला. सप्टेंबर अखेरचे दिवस. धक्क्यावर पांढरे कपडे घातलेला माणूस तेवढा एकच. काळे कपडे पेटीत होते आणि पेट्या, किल्ल्यांसकट, ग्रिंडले कंपनीच्या माणसाकडे देऊन टाकल्या होत्या. शनिवार होता, दुसऱ्या दिवशी रविवारची सुटी, म्हणून सामान मिळेना. व्हिक्टोरिया हॉटेलात पांढऱ्या कपड्यांत संकोचून बसून राहण्याखेरीज इलाज नव्हता.

खिशात चार परिचयपत्रे होती. डॉ. प्राणजीवन मेहता, दलपतराम शुक्ल, राजपुत्र रणजितसिंहजी आणि दादाभाई नौरोजी यांच्या नावाची. त्या काळी अशी चिठ्ठी म्हणजे विद्यार्थ्याची खरी पुंजी. तार मिळताच डॉ. मेहता त्याच रात्री आठाच्या सुमारास हॉटेलवर आले. बोलता बोलता गांधींनी त्यांची रेशमी टोपी उचलून तिच्यावरून उलटा हात फिरवला आणि लव विस्कटली. मेहतांनी तिथेच पहिला धडा दिला: दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, पहिल्या भेटीत आपल्याकडे विचारतात तशा चौकशा करू नयेत, मोठ्याने बोलू नये, आणि समोरच्याला ऊठसूट 'सर' म्हणू नये, कारण तसे नोकर म्हणतात. हॉटेलचे बिल तीन पौंड झाले आणि पोट मात्र रिकामेच राहिले. पुढे मेहतांनी त्यांना रिचमंडला एका हिंदी मित्राकडे ठेवले. इंग्रजी रीतभात शिकण्याची ती शिकाऊ जागाच होती. त्यानंतर वेस्ट केन्सिंग्टनमध्ये एका विधवाबाईच्या घरी जेवणासह खोली मिळाली. ताटात उकडलेल्या बेचव भाज्या आणि पावाचे दोन-तीन तुकडे. बाईंच्या मुली एखाद-दुसरा तुकडा जास्त वाढत, पण आणखी मागायची लाज वाटे. रात्री आईची आठवण येऊन रडू येई. मांस, मद्य आणि स्त्रीसंग वर्ज्य, ही आईपुढे घेतलेली शपथ पाळायची होती. शेवटी भटकंती करताना फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले आणि इंग्लंडात आल्यापासून ते पहिल्यांदा पोटभर जेवले. दारातच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरचे पुस्तक विकायला होते. त्या पुस्तकाने आणि त्या जेवणाने त्यांचे पुढचे लंडन घडवले.

बॅरिस्टरीच्या शिक्षणात जेवणाला विलक्षण महत्त्व होते. गांधी ज्या इनर टेंपल या बॅरिस्टरांच्या संस्थेत होते तिथे बारा सत्रे भरावी लागत आणि दर सत्रात चोवीसपैकी निदान सहा जेवणांना हजेरी लावावी लागे. चौघांच्या टेबलाला वाइनच्या दोन बाटल्या मिळत. न पिणारे गांधी आपल्या टेबलाला यावेत म्हणून बाकीच्यांची चढाओढ चाले. पुढे त्यांनी खोली बदलली, स्वतः रांधू लागले, पै-पैचा हिशेब ठेवू लागले. दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर त्यांनी लंडनला जाणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. आठवड्याला एका पौंडात कसे राहता येते, कपडे किती आणि कोणते न्यावेत, खायचे काय, हे सगळे तिच्यात आकड्यांनिशी दिले. ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही ही खरोखर खेदाची गोष्ट. तिचा उपयोग झाला असता असे शेकडो तरुण त्या वर्षांत बोटीत बसले.

घरमालकीण ही या काळातली मध्यवर्ती व्यक्ती. विद्यार्थ्याला खोली, सकाळचा नाश्ता, रात्रीचे जेवण आणि कोळसा तिच्याकडून मिळे आणि आठवड्याचे पैसे तिच्या हातात पडत. गोऱ्या घरमालकिणींपैकी काही रंग पाहून दार लावून घेत. ज्या ठेवून घेत त्यांच्यातल्या काहींनी पोरांना आईसारखे सांभाळले, काहींनी पावाचे तुकडे मोजले. पुण्यातल्या गरीब विद्यार्थ्यापाशी एक आधार असे. कोकणातून आलेला ब्राह्मणाचा मुलगा वार लावून जेवे, सात घरांत सात दिवस भागत. ती सोय अपमानाची आणि एका जातीपुरतीच होती, पण उपाशी मरू देत नसे. लंडनमध्ये तिच्या जागी काहीच नव्हते. ती जागा थोडीफार भरून काढली ती काही इंग्रज स्त्रियांनी. १८७० मध्ये ब्रिस्टलला मेरी कार्पेंटर यांनी नॅशनल इंडियन असोसिएशन स्थापन केले आणि पुढे मिस मॅनिंग यांनी ते लंडनमधून चालवले. विद्यार्थ्यांना माहिती पुरवणे, घरे सुचवणे, चहाला बोलावणे ही कामे ही संस्था करी. रुखमाबाई १८८९ मध्ये वैद्यक शिकायला लंडनला गेल्या तेव्हा त्यांना मॅकलॅरन दांपत्याने आपल्या घरी ठेवून घेतले.

पैसा पुरवणाऱ्याच्या हातात विद्यार्थ्याची नाडी असे. पांडुरंग महादेव बापट, म्हणजे पुढचे सेनापती बापट, १९०४ मध्ये शिष्यवृत्तीवर एडिंबरोला अभियांत्रिकी शिकायला गेले. हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याविरुद्ध बोलले आणि शिष्यवृत्ती गेली. लंडनमध्ये राहणारे राष्ट्रवादी श्यामजी कृष्ण वर्मा यांनी ही अडचण ओळखली होती. त्यांच्या शिष्यवृत्त्यांना एकच प्रमुख अट होती: ब्रिटिश सरकारची नोकरी धरायची नाही. १ जुलै १९०५ रोजी त्यांनी लंडनच्या हायगेट भागात, ६५ क्रॉमवेल ॲव्हेन्यू येथे 'इंडिया हाउस' उघडले. उद्घाटन इंग्रज समाजवादी नेते हाइंडमन यांच्या हस्ते झाले. सुमारे पंचवीस जणांची राहण्याची सोय, वाचनालय, सभेची जागा. इंडिया हाउसचे नाव क्रांतिकारकांच्या इतिहासात येते ते योग्यच आहे, पण ते सुरू झाले विद्यार्थी वसतिगृह म्हणून. नव्याने उतरलेल्या तरुणाला आपल्या भाषेचा आवाज आणि आपल्या चवीचे जेवण तिथे मिळे, कोणाच्या उपकाराशिवाय. विनायक दामोदर सावरकर ९ जून १९०६ ला मुंबईहून 'पर्शिया' बोटीने निघाले ते श्यामजींच्या योजनेतली शिवाजी शिष्यवृत्ती घेऊन, आणि उतरले याच घरात. बोटीवरच घरच्या आठवणीने व्याकूळ होऊन परत फिरू पाहणाऱ्या हरनामसिंग या शीख सहप्रवाशाला त्यांनी कसे सावरले, हे त्यांच्या 'शत्रूच्या शिबिरात' या आठवणींत आले आहे. लंडनहून मराठी वृत्तपत्रांसाठी त्यांनी पाठवलेली बातमीपत्रे म्हणजे तिथल्या हिंदी विद्यार्थ्यांच्या जगाचा मराठीतला मोठा ठेवा आहे.

सरकारला या मुलांची काळजी वाटू लागली ती याच सुमारास, आणि तिच्यात धास्तीचा वाटा मोठा होता. १९०७ मध्ये सर विल्यम ली-वॉर्नर यांच्या अध्यक्षतेखाली हिंदी विद्यार्थ्यांच्या परिस्थितीची चौकशी करायला समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९२२ पर्यंत छापलाच नाही. १ जुलै १९०९ ला इंडिया हाउसशी संबंध असलेल्या मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्याचा वध केला. ज्या समारंभात ही घटना घडली तो नॅशनल इंडियन असोसिएशनचाच होता. त्यानंतर इंडिया हाउस बंद पडले. सरकारने विद्यार्थ्यांसाठी माहिती कार्यालय काढून प्रा. टी. डब्ल्यू. अर्नोल्ड यांना शैक्षणिक सल्लागार नेमले. १९१० मध्ये हे कार्यालय आणि नॅशनल इंडियन असोसिएशन साउथ केन्सिंग्टनमधल्या २१ क्रॉमवेल रोडच्या इमारतीत आले. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना काही दिवस उतरण्यासाठी तिथे खोल्याही ठेवल्या. योगायोग असा की दोन्ही पत्त्यांत क्रॉमवेलचे नाव होते. सोय चांगली होती, अर्नोल्ड विद्वान आणि सज्जन होते. तरी विद्यार्थ्यांचा विश्वास बसला नाही. आपली नोंद ठेवणारे घर आपल्यावर नजरही ठेवते अशी त्यांची खात्री झाली होती, आणि त्यांना दोष देता येत नाही. आसरा आणि पाळत एकाच छपराखाली ठेवली की आसऱ्याची किंमत जाते.

अमेरिकेत सरकारचा असा हात नव्हता, पण एकटेपणा तोच होता. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर वायएमसीएचे कार्यकर्ते हॅरी एडमंड्स यांनी समोरून येणाऱ्या एका चिनी विद्यार्थ्याला सहज नमस्कार केला. पुढे गेलेला तो मुलगा थांबला आणि म्हणाला, मी तीन आठवडे या शहरात आहे, माझ्याशी बोललेले पहिले माणूस तुम्ही. एडमंड्स यांनी पत्नीच्या मदतीने परदेशी विद्यार्थ्यांना रविवारी घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली. त्या जेवणांतून मंडळ उभे राहिले आणि जॉन रॉकफेलर धाकटे यांच्या देणगीतून १९२४ मध्ये रिव्हरसाइड ड्राइव्हवर 'इंटरनॅशनल हाउस' हे मोठे वसतिगृह उभे राहिले.

त्या पायऱ्यांवर एडमंड्स यांना तो विद्यार्थी भेटला, त्यानंतर चारच वर्षांनी, जुलै १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर त्याच विद्यापीठात दाखल झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. करार ४ जूनला झाला होता आणि शिक्षणानंतर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करायची होती. पहिला आठवडा ते हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तिथले जेवण त्यांना रुचले नाही. गोमांसाचे पदार्थ, अर्धेकच्चे शिजवलेले अन्न. मग पश्चिम ११४ व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, तिथे काही हिंदी विद्यार्थी होते. त्यानंतर लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर खोली घेतली. ही मैत्री जन्मभर टिकली. पहिल्या काही महिन्यांत नव्या शहराच्या मोहाने थोडा वेळ गेला, पण लवकरच ते ग्रंथालयात रुतले ते रुतलेच.

आंबेडकरांच्या बाबतीत या पहिल्या दिवसांचा अर्थ इतरांपेक्षा वेगळा आहे. आनंदीबाई, गांधी आणि सावरकर परक्या देशात काहीतरी गमावल्याची भावना घेऊन उतरले. घर, पंगत, सोवळे, आपली माणसे. आंबेडकरांना तिथे पहिल्यांदा असे काही मिळाले की जे मायदेशाने दिले नव्हते. कोणाही बरोबर एका टेबलाला बसणे, कोणत्याही नळाचे पाणी पिणे, खोली मागताना जात न विचारली जाणे. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पार पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. ती परत आली ती १९१७ मध्ये, बडोद्याच्या स्टेशनवर उतरताना. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये बिऱ्हाड मिळालेल्या या माणसाला बडोद्यात राहायला जागा मिळेना. हिंदू खानावळीत प्रवेश नव्हता. पारशी पथिकाश्रमात नाव बदलून, रोज दीड रुपया देऊन, ते कसेबसे दिवस काढत होते. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या दहा-बारा पारशांनी त्यांना बाहेर काढले. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. संध्याकाळपर्यंत बागेत बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. परक्या ठिकाणच्या बिऱ्हाडाचा इतिहास लिहिणाऱ्याने हा प्रसंग त्यातच धरला पाहिजे. त्या तरुणासाठी परका मुलूख कोणता होता, हे त्यावरून कळते.

१९२० मध्ये ते अपुरे शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीच्या पगारातून साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि भथेनांकडून घेतलेले पाच हजार रुपये कर्ज, एवढ्यावर. घरमालकिणीकडचा नाश्ता म्हणजे चहा आणि पावाचा तुकडा, त्यावर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवस काढायचा. रात्री भूक लागली की एका ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजून खायचे. दुधाबरोबर ते पापड, आणि पुन्हा पहाटेपर्यंत पुस्तके. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली.

याच सुमारापासून सोयी वाढत गेल्या आणि त्या हिंदी माणसांनीच बऱ्याच अंशी उभ्या केल्या. १९२० मध्ये लंडनच्या ब्लूम्सबरी भागात हिंदी विद्यार्थ्यांसाठी वायएमसीएचे वसतिगृह सुरू झाले. पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडच्या सैनिकांसाठी बांधलेल्या 'शेक्सपियर हट' या इमारतीत ते भरले. पुढे ते गोवर स्ट्रीटवर गेले, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने पडले आणि १९५० च्या दशकात फिट्झरॉय चौकात नव्या इमारतीत उभे राहिले. आजही तिथे उतरणारे नवे विद्यार्थी असतात. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे. प्रिमरोझ हिलजवळचे १०, किंग हेन्रीज रोड हे आंबेडकरांच्या वास्तव्याचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले आणि त्याचे स्मारक केले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यात शिक्षण शुल्काबरोबर निर्वाह भत्ता आणि विमानभाडेही दिले जाते.

या इतिहासाची साधने मुख्यतः पत्रे आहेत. आनंदीबाईंची गोपाळरावांना आलेली पत्रे नसती तर १८८९ मध्ये काशीबाई कानिटकरांना त्यांचे चरित्र लिहिता आले नसते आणि फिलाडेल्फियातली ती धुराची खोली कोणाला कळली नसती. नामवंतांची पत्रे छापली गेली. जे नामवंत झाले नाहीत, नापास होऊन परतले, आजारी पडले, तिकडेच राहिले, त्यांची पत्रे अजून जुन्या पेट्यांत आणि माळ्यांवर पडून असतील. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची विलायतेहून आलेली अशी पत्रे, घरभाड्याच्या पावत्या किंवा जमाखर्चाच्या वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांसारख्या संस्थेला त्या दाखवाव्यात आणि शक्य तर तिथे सोपवाव्यात.